पावसाआधी स्टोअर: सोडियम, पोटॅशियम आणि मंडळींच्या नोंदी

२८ एप्रिल २०२५, सोमवार

परीक्षा आटोपल्या, प्रयोगशाळा रिकामी झाली. तळमजल्यावरचं केमिकल स्टोअर आवरायचं काम विभागप्रमुख सरांनी माझ्या गळ्यात घातलं आहे. सोबतीला टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) दोघीजणी आणि लॅबचे मामा. सगळं स्टोअर नाही, फक्त पाणी लागलं की भडकणाऱ्या धातूंचा कप्पा. प्रत्येक बाटलीची अवस्था बघायची, टाकाऊ असेल ते नियमाने बाहेर काढायचं, उरलेलं पहिल्या मजल्यावर न्यायचं. मुदत १० जून, कारण मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची नेहमीची तारीख ११ जून.

कॉलेज परळच्या सखल भागात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मामा तेव्हा नुकतेच लागले होते. ते सांगतात, स्टोअरमध्ये गुडघाभर पाणी होतं आणि खालच्या फळीवरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लगदा झाला होता. सोडियम वरच्या फळीवर होतं. ते तिथे कुणी विचार करून ठेवलं होतं असं मात्र नाही.

आज फक्त शोधाशोध. सोडियम वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेलं निघालं, त्यातली एक बाटली चक्क सिंकखाली. पोटॅशियमची एक छोटी बाटली. लिथियमच्या कांड्या, मॅग्नेशियमच्या फिती, कॅल्शियमचा कीस, झिंक आणि ॲल्युमिनियमची पावडर. यादी रजिस्टरमध्ये उतरवली. रजिस्टरमधले आकडे आणि कपाटातला माल यांचा एकमेकांशी संबंध नाही.

२ मे, शुक्रवार

काल महाराष्ट्र दिनाची सुट्टी. आज सिंकखालच्या सोडियमपासून सुरुवात.

उघडण्याआधी बाटलीमागे टॉर्च धरून पाहिलं. रॉकेल पिवळट झालेलं, तळाशी पांढरा गाळ, त्यात ठोकळे अर्धवट रुतलेले. एका ठोकळ्याच्या कडेला बारीक बुडबुडे, एकेक सुटून वर जाणारे. म्हणजे तळाशी पाणी आहे आणि ते अजून संपलेलं नाही.

‘सोडियम रॉकेलमध्ये ठेवतात’ हे वाक्य आठवीपासून सगळ्यांना पाठ आहे. रॉकेल हवा अडवतं, ते खरं. पण पाणी अडवत नाही, हे कुणी सांगत नाही. रॉकेलची घनता ०.८ च्या आसपास. जुलैमध्ये बाटली उघडली, चिमटा ओलसर असला किंवा झाकणाच्या आत दव धरलं, तर तो थेंब रॉकेलवर तरंगत राहत नाही, सरळ तळाला जातो. सोडियमची घनता ०.९७, तेही तळालाच. आपण दोघांची गाठ घालून देतो आणि वरून झाकण घट्ट आवळतो. पाणी आणि सोडियम भेटले की सुटणाऱ्या हायड्रोजनला जायला जागा नाही. मोठ्या मोजपात्रात खाली पाणी, वर रॉकेल आणि मधल्या सीमेवर वरखाली उड्या मारणारा सोडियमचा तुकडा, हा प्रयोग आम्हीच दरवर्षी दाखवतो. तीच मांडणी कपाटात बंद करून ठेवली होती.

बाटली फ्यूम हूडमध्ये, म्हणजे आतले वायू पंख्याने बाहेर टाकणाऱ्या काचेच्या कपाटात नेली, काच खाली ओढली आणि झाकण अगदी हळू सैल केलं. ‘स्स्’ असा आवाज आला. मामा मागे सरकून म्हणाले, “मॅडम, गॅस आहे ना आत?” होता. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटू शकतो, म्हणून आजूबाजूचे सगळे बर्नर आधीच बंद करून घेतले होते.

ठोकळे कोरड्या लांब चिमट्याने काढून फिल्टर पेपरवर टिपले. दोघींना कापायला दिले. चाकूखाली सोडियम फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या चीजसारखं लागतं, वरचं कवच मात्र कुरकुरीत, त्याचे कण उडतात. गॉगल कपाळावर सरकवला की मी ओरडते ते त्यासाठीच. कवच तासून काढल्यावर आतली बाजू लख्ख निघाली आणि बघता बघता राखाडी झाली. चांगले तुकडे नव्या, ओव्हनमध्ये वाळवलेल्या बाटलीत गेले. कवचाचा चुरा वेगळ्या भांड्यात, तेलाखाली.

ठोकळे टिपलेले कागद कचऱ्याच्या डब्यात टाकायचे नाहीत. प्रयोगशाळेतल्या डब्याला याच कागदांमुळे आग लागू शकते: कागदाला चिकटलेला सोडियमचा कण, त्यावर कुणीतरी हात धुऊन टाकलेला ओला टिशू. कागदसुद्धा चुऱ्याबरोबर गेले.

६ मे, मंगळवार

तेलाचा प्रश्न. रेशनचं रॉकेल निळ्या रंगाचं असतं आणि हल्ली मिळतही नाही. पांढरं रॉकेल मिळतं, पण उन्हाळ्यात ते उडून जातं, पातळी खाली येते आणि ठोकळ्याचं डोकं उघडं पडतं. शिवाय ते स्वतःच ज्वालाग्राही. लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल यापेक्षा बरं: जवळजवळ उडत नाही, आणि पेट घ्यायलाही बरंच जास्त तापमान लागतं. प्रिन्सेस स्ट्रीटवर गेले. दुकानदाराने विचारलं, “लाइट देऊ का हेवी?” दुकानात बहुतेकांना हा प्रश्न निरर्थक वाटत असेल, मला तोच हवा होता.

सोडियमला दोन्ही चालतात, ते दोन्हींत बुडतं. पोटॅशियमची घनता ०.८६. हेवी लिक्विड पॅराफिन ०.८७ ते ०.८९ च्या घरात असतं, त्यात पोटॅशियम वर येऊन तरंगेल आणि त्याचा एक भाग हवेत राहील. रॉकेलमध्ये किंवा नीट पारखून घेतलेल्या हलक्या तेलात ते बुडून राहतं. लिथियमची तर गोष्टच वेगळी. घनता ०.५३, सगळ्या धातूंत हलकं. रॉकेल, पॅराफिन, पेट्रोल, कशातही टाका, ते वरच येणार. आमच्या लिथियमच्या कांड्या नेमक्या अशाच तरंगत होत्या, पाण्याबाहेर डोकं काढल्यासारख्या, आणि तो वरचा भाग काळा पडला होता. लिथियम हवेतल्या नायट्रोजनलाही सोडत नाही, साध्या तापमानाला नायट्राइड तयार होतं. म्हणून चांगल्या प्रयोगशाळांत ते आरगॉनमध्ये सीलबंद ठेवतात. नायट्रोजनचा सिलिंडर इथे उपयोगाचा नाही. आरगॉनची सोय आमच्याकडे नाही. प्रवेश परीक्षांच्या पुस्तकात ‘लिथियम पॅराफिन मेणात गुंडाळून ठेवतात’ असं असतं, आम्ही तेच केलं: कांड्या पुसून मेणात बुडवल्या, मग काठोकाठ भरलेल्या तेलाच्या लहान बाटलीत.

दोघींतल्या धाकटीने विचारलं, “मग सीझियम कशात ठेवतात?” काचेच्या बंद कुपीत. वितळबिंदू २८.४ अंश, म्हणजे परळमध्ये मे महिन्यात ते कुपीत पाण्यासारखं हलत असेल. आमच्याकडे नाही, आणि मागवायचं कारणही नाही.

मोठ्या प्रमाणावरची सोय बघायची तर कल्पाक्कमला बघावी. तिथल्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीत उष्णता वाहून नेण्यासाठी सोडियम वितळलेल्या रूपात वाहतं आणि त्याच्यावर आरगॉनचं आवरण असतं. रॉकेल ही फक्त आपल्यासारख्यांची सोय आहे.

९ मे, शुक्रवार

पोटॅशियमची बाटली. हिला अजून कुणी हात लावलेला नव्हता, तेच बरं झालं.

लेबल फिकट, तारीख वाचता येत नाही. तेल आटून अर्ध्यावर आलेलं. वर डोकावणारा गोळा पांढरा नाही, पिवळा आहे, एका बाजूला नारिंगीकडे झुकणारा. हा रंग दिसला की काम थांबवायचं. सोडियमवर जमतं ते कवच बहुतांशी ऑक्साइड, हायड्रॉक्साइड, कार्बोनेट, ते तासून टाकता येतं. पोटॅशियमवर सुपरऑक्साइड जमतं. ते जबरदस्त ऑक्सिडीकारक, म्हणजे शेजारच्या वस्तूला ऑक्सिजन पुरवून पेटवणारं, त्याच्या खाली लागूनच शुद्ध धातू आणि आजूबाजूला तेल. चाकूने दाबलं की तिन्ही एकमेकांत रेटले जातात आणि स्फोट होऊ शकतो. तेलात असूनही हे का होतं, तर तेलात ऑक्सिजन थोडाफार विरघळतो आणि वर्षानुवर्षं झिरपत राहतो. म्हणून पोटॅशियम ही ठेवून द्यायची वस्तूच नाही.

सोडियम कापून दोघींचा हात बसला होता, त्यामुळे “मॅडम, हेही करून टाकू?” असा प्रश्न आलाच. नाही. उघडायचं नाही, झाकण फिरवायचं नाही (आट्यांमध्येही कवच असू शकतं), हलवून बघायचं नाही. बाटलीवर लाल पट्टी लावली, त्या कपाटाला कुलूप घातलं आणि चावी माझ्याकडे ठेवली. शहरातल्या एका संशोधन संस्थेत माझे जुने गाईड आहेत, त्यांना फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन: “हात लावू नकोस. अधिकृत एजन्सीला बोलाव.” घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली परवाना असलेल्या वाहतूकदाराला ईमेल केला. ऑफिसने विचारलं, “एवढ्याशा बाटलीसाठी गाडी?”

१३ मे, मंगळवार

आग विझवायची सोय. व्हरांड्यातल्या लाल बादल्या बघितल्या. वाळूत गुटख्याच्या पुड्या, बसची तिकिटं, एका बादलीत पानाची पिंक. मुख्य म्हणजे वाळू दमट. जळत्या सोडियमवर ओली वाळू टाकणं म्हणजे त्याला पाणी पाजणं. वाळू चाळली, ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ११० अंशांवर वाळवली आणि झाकणाच्या डब्यांत भरली. झाकणाशिवायच्या बादलीला मुंबईत अर्थ नाही.

एक्स्टिंग्विशर विकणारा आला होता. एबीसी पावडरचा सिलिंडर दाखवून म्हणाला, “मॅडम, हा सगळ्यावर चालतो.” धातूच्या आगीवर चालत नाही. कार्बन डायऑक्साइडवाला तर मुळीच नको, जळतं सोडियम किंवा मॅग्नेशियम त्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतं आणि जळत राहतं. डी वर्गाचा हवा. त्यात मिठासारख्या क्लोराइडांची कोरडी पूड असते, ती तापून वर पापुद्रा धरते आणि हवा तोडते. दर ऐकून ऑफिस गप्प झालं. सध्या कोरडं मीठ आणि वाळलेला सोडा ॲश यांचे डबे, लांब दांड्याच्या पळीसह. लिथियमसाठी ग्रॅफाइट पूड वेगळी, कारण तापलेलं लिथियम वाळूशी आणि मिठाशीही झगडतं.

क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, डायक्लोरोमिथेन या तिन्हींच्या बाटल्या धातूंच्या खोलीतून बाहेर. सोडियम-पोटॅशियमसारखे अल्कली धातू आणि असली द्रावकं एकत्र आली तर पाण्याचीही गरज लागत नाही, धक्क्याने स्फोट होऊ शकतो.

१६ मे, शुक्रवार

सोडियमच्या चुऱ्याची विल्हेवाट. मामांची जुनी पद्धत अशी होती की थोडं थोडं करून गच्चीवर पाण्याच्या टबात टाकायचं. “काही नाही होत मॅडम, फट् करतं नुसतं.” ते नेहमी नुसतं फट् करतं असं नाही. १९४७ साली अमेरिकेत युद्धानंतर उरलेल्या सोडियमचे पिंप एका तळ्यात ढकलून दिले होते. त्याची फिल्म आहे, मामांना मोबाइलवर दाखवली. पाण्याचे उंच खांब उठताना बघून त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि परत सुरुवातीपासून पाहिली.

दोघींसाठी त्यातला रसायनशास्त्राचा भाग जास्त रंजक. हायड्रोजन पेटतो म्हणून स्फोट, हे अर्धंच उत्तर. नुसता वायू असता तर त्याच्याच थराने धातू आणि पाणी वेगळे पडायला हवेत. २०१५ मध्ये प्रागमधल्या पावेल युंगविर्थ यांच्या गटाने अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की पाणी लागताच धातूच्या पृष्ठभागातले इलेक्ट्रॉन पाण्यात निघून जातात, मागे उरलेले धन आयन एकमेकांना ढकलतात आणि वितळलेल्या धातूतून काटे फुटून बाहेर पडतात. पृष्ठभाग एकदम वाढतो, तिथून पुढे सगळं भराभर. हे सगळं मिलिसेकंदाच्याही आत.

आमची पद्धत कंटाळवाणी आहे, तशीच असावी. हूडमध्ये मोठ्या बीकरमध्ये कोरडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात चुरा चिमटीचिमटीने. बीकर झाकायचा नाही. १० ग्रॅम सोडियममधून साधारण ५ लिटर हायड्रोजन निघतो, तो हूडच्या पंख्याने बाहेर जायला हवा. बुडबुडे मंदावले की पुढची चिमूट. शेवटी रात्रभर तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी इथेनॉल, ते शांत झाल्यावर थेंबाथेंबाने पाणी, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने उदासीन करून द्रावकाच्या कचऱ्यात. मोठीला तासाभरात झोप यायला लागली, तिला चहाला पाठवलं.

२० मे, मंगळवार

एजन्सीने जूनचा पहिला आठवडा दिला आहे. पोटॅशियम तोवर तळमजल्यावर ठेवायचं की वर न्यायचं, यावर सरांचं आणि माझं एकमत नव्हतं. सरांचं म्हणणं, हलवू नका असं तज्ज्ञ सांगतात तर हलवू नका. माझं म्हणणं, गेले काही दिवस आभाळाचा रंग वेगळा आहे आणि तळमजल्यावर पाणी शिरलं तर बाटलीपर्यंत ते आपल्याला न विचारता जाईल. गाइडना पुन्हा फोन केला. त्यांच्या मते धोका उघडण्यात, घासण्यात, आपटण्यात आहे. बाटली सरळ धरून, उशी देऊन सावकाश नेली तर पाण्याच्या शेजारी ठेवण्यापेक्षा ते बरं.

कोरड्या वाळूने भरलेल्या लोखंडी डब्यात बाटली मानेपर्यंत रोवली. मी डबा धरला, मामा पुढे जिना मोकळा करत. लिफ्ट नाही, ती मध्येच अडकली तर आपण आणि बाटली एका पेटीत. वरच्या खोलीत तो डबा एकट्याने एका कपाटात.

बाकीच्यांसाठी स्टीलचं कपाट, कमरेच्या उंचीची फळी. फार वर ठेवलं तर काढताना हातातून सुटतं, फार खाली ठेवलं तर पाणी. प्रत्येक काचेची बाटली पत्र्याच्या डब्यात, म्हणजे काच फुटली तरी तेल डब्यातच राहील. प्रत्येक बाटलीवर तेलाच्या पातळीला ग्रीस पेन्सिलची रेघ. खोलीतल्या एसीचं पाणी ज्या कोपऱ्यात ठिबकतं त्याच्या समोरच्या भिंतीला कपाट. दारावर निळ्या चौकोनातली ज्वाळा, खाली मराठीत: ‘आत पाणी मारू नका’. हे अग्निशमन दलासाठी. आग लागली की ते येतात आणि पहिली उघडतात ती पाण्याची नळी.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस आजच मुंबईत दाखल. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच आला नव्हता. हिंदमाताला पाणी, लोकल रखडलेल्या. मामा चालत पोचले. जुन्या स्टोअरमध्ये घोट्यापर्यंत पाणी, ज्या कपाटात पोटॅशियम होतं त्याची खालची फळी ओली. वरची खोली कोरडी.

सरांनी फोनवर विचारलं, “ते वर आहे ना?” हो म्हटलं.

२८ मे, बुधवार

उरलेले धातू. मॅग्नेशियमच्या फितींना तेल नको, कोरडा डबा पुरे. वापरायच्या वेळी सँडपेपरने घासून घ्यायच्या. कॅल्शियमच्या किसाला पाणी लागलं तेव्हा अमोनियाचा वास आला, म्हणजे त्यातही नायट्राइड झालेलं आहे. झिंक आणि ॲल्युमिनियमची पावडर दमट झाली की स्वतःच तापू शकते, तीही सीलबंद.

डब्यांमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. परवा निळी होती, आज गुलाबी. ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी करून घेतली. जुलैत हे दर आठवड्याला करावं लागणार, मामांनी कॅलेंडरवर शुक्रवारांना खुणा केल्या. बाटल्या उघडायचे दिवसही ठरवले: धुवांधार पाऊस असेल त्या दिवशी सोडियमची बाटली उघडायची नाही. सोडियम लागणारी लसेनची चाचणी (सेंद्रिय पदार्थातली मूलद्रव्यं ओळखण्याची) पुढच्या दिवशी घेतली तर कुणाचं काही बिघडत नाही.

४ जून, बुधवार

एजन्सीची गाडी आली. दोन माणसं, चेहऱ्यावर शील्ड, हातात जाड, लांब हातमोजे. त्यांनी आमचा वाळूचा डबा तसाच उचलून मोठ्या पिंपात ठेवला आणि भोवती व्हर्मिक्युलाइट (हलकं, न जळणारं खनिज) भरलं. बाटली उघडायचा प्रश्नच आला नाही. मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीच्या कागदाच्या, सात प्रती, प्रत्येकीचा रंग वेगळा, सगळ्यांवर सह्या. माल तळोज्याला. गाडी गेटबाहेर पडल्यावर सरांनी कटिंग मागवलं.

१० जून, मंगळवार

नव्या वर्षाची मागणी पाठवली. सोडियम १०० ग्रॅम, एकच बाटली. पोटॅशियम नाही, लिथियम नाही. पोटॅशियमची पाण्याशी प्रतिक्रिया व्हिडिओवर दाखवणार, तास तितकाच रंगतो. रजिस्टरमध्ये नवे रकाने: उघडल्याची तारीख, तेलाची पातळी रेघेशी आहे का, कवचाचा रंग, सही. दोघी जुलैत एमएस्सीच्या प्रवेशाच्या मागे लागतील, तोवर महिन्याची पहिली तपासणी त्यांच्याकडून करून घेणार.

दुपारी ऑफिसमधून चिठ्ठी आली: ५०० ग्रॅमची बाटली ग्रॅममागे स्वस्त पडते, मग १०० ची का? उत्तरात एवढंच लिहिलं की आमच्याकडे वर्षाला १०० ग्रॅमही लागत नाही आणि उरलेलं ४०० ग्रॅम बाहेर काढायला जो खर्च येतो तो सोबत जोडला आहे. एजन्सीच्या बिलाची झेरॉक्स लावून दिली.